एन्क्रिप्शन, ‘पहिला प्रेषक’ आणि आपला जिल्हा

कृष्णाकाठ (सांगली) · १३ डिसेंबर २०२५

दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरला मेसेजिंग अ‍ॅपसाठी सिम-बंधनाचा, म्हणजे खात्याचे सिम फोनमध्ये चालू असेल तरच अ‍ॅप चालेल असा, आदेश काढला. त्याच सुमारास प्रत्येक नव्या फोनवर ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप सक्तीने बसवण्याचाही आदेश निघाला होता. त्यावर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला तो मागे घेण्यात आला. तेव्हापासून आमच्या बार रूममध्ये एकच प्रश्न फिरतो आहे, की सरकार आता आपले व्हॉट्सअ‍ॅप वाचणार काय. प्रश्न इतका ढोबळ विचारला की उत्तरही तसेच मिळते. एकजण म्हणतो, ‘सगळे आधीपासूनच वाचतात’, दुसरा म्हणतो, ‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय’, आणि चहा संपतो. म्हणून हा धागा काढतो आहे.

माझ्या मते आपल्याकडे संदेशांच्या गोपनीयतेला असलेला खरा धोका सिम-बंधनात नाही. तो २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांमधील नियम ४(२) मध्ये आहे. ज्या मेसेजिंग सेवेचे भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, तिला न्यायालयाने किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालील सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास एखाद्या संदेशाचा ‘पहिला प्रेषक’ कोण हे सांगता आले पाहिजे, असे हा नियम म्हणतो. नियमावर अन्याय होऊ नये म्हणून त्यातील अटीही सांगतो. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य अशा गंभीर गुन्ह्यांपुरताच, पाच वर्षांच्या शिक्षेची अट घालून, हा आदेश काढता येतो. कमी हस्तक्षेपाचा दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर काढता येत नाही. आणि संदेशातील मजकूर उघड करण्याची सक्ती सेवेवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी न्यायालयापुढे स्पष्टच सांगितले, की एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाही संदेश वाचता येऊ नये म्हणून लावलेले कुलूप, मोडायला सांगितले तर व्हॉट्सअ‍ॅपला या देशातून जावे लागेल.

अटी इतक्या असताना वाईट काय, हे नुसता नियम वाचून कळत नाही. आपल्या परिसरातील दोन घटना त्याच्या शेजारी ठेवून पाहू.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, म्हणजे पोटासाठी गावोगाव फिरणारे लोक होते आणि आपल्या जतच्या शेजारच्या मंगळवेढ्याचे होते. त्या वर्षी मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती देशभर फिरल्या, त्यांपैकी एक तर कराचीतील बाल-सुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. शेवटचा खुलासा कापून ती इकडे पाठवण्यात आली. आता नियम ४(२) काय म्हणतो ते पाहा. पहिला प्रेषक देशाबाहेरचा असेल, तर भारतात तो संदेश प्रथम पाठवणारी व्यक्ती हीच पहिला प्रेषक समजली जाईल. म्हणजे चित्रफीत कापणारा सुटला, आणि आखातातल्या दिराने पाठवली म्हणून काळजीपोटी माहेरच्या ग्रुपवर टाकणारी आटपाडीची एखादी बाई कायद्याने ‘मूळ’ ठरली.

दुसरी घटना आपल्याच जिल्ह्यातील आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ती कोणी केली हे शोधण्यात एन्क्रिप्शन कोठेही आडवे आले नाही, कारण मारहाणीची चित्रफीतच सगळीकडे फिरत होती. ज्या प्रकारच्या घटना दाखवून हा नियम समर्थनीय ठरवला जातो, त्याच घटनांत तो निरुपयोगी आहे, असे माझे मत आहे. आपली मते कळवावीत.

निवृत्त_अधिकारी_सातारा · १३ डिसेंबर

वकीलसाहेब, नियम चांगला समजावून दिलात. परंतु तुमच्या लेखनात तक्रारदार कोठे दिसला नाही. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे आणि नोकरीच्या अखेरच्या काळात मोबाइल हाच बहुतेक गुन्ह्यांतला मुख्य मुद्देमाल झालेला होता. ठाण्यात एखादी आई फोन हातात घट्ट धरून येते. त्यात तिच्या मुलीचा, दुसऱ्याच धडावर चेहरा जोडलेला फोटो असतो, त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केले’ अशी खूण असते, आणि गावातले चार ग्रुप फिरून तो तिच्या भावाकडून तिच्यापर्यंत आलेला असतो. साहेब, हे पहिल्यांदा कोणी टाकले, एवढाच तिचा प्रश्न असतो. आम्ही आधी भावाचा फोन पाहायचा, मग ज्याने भावाला पाठवले त्याचा, मग त्याच्या आधीच्याचा. तिसऱ्या-चौथ्या माणसाने तोवर फोन पुसून कोरा केलेला असतो, आणि तपास तिथे अडतो.

दुसरे असे, की पहिला प्रेषक सापडत नसेल तर शासनाच्या हातात जे उरते ते याहून वाईट असते. खटाव तालुक्यात पुसेसावळीला १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सोशल मीडियावरील आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. ज्याचा काडीचा संबंध नाही, त्याचेही व्यवहार थांबले. एका माणसाला शोधता आले असते तर सगळ्या जिल्ह्याला शिक्षा झाली नसती, असे मला वाटते. गोपनीयतेचा हक्क मला मान्य आहे. तो त्या फोटोतल्या मुलीलाही आहे.

कराडचा_अभियंता · १३ डिसेंबर

काका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचे आधी सांगतो, कारण तो लहान आहे. पुसेसावळीचा मजकूर उघड सोशल मीडियावरचा होता. तेथे एन्क्रिप्शन नसते. खाते कोणाचे, ते कोणत्या जोडणीवरून वापरले गेले, याची नोंद कंपनीकडे असते आणि ती पोलिसांना आजच्या कायद्याने मागता येते. त्या रात्रीसाठी नियम ४(२) ची गरजच नव्हती.

पहिला मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यासाठी थोडे तंत्र सांगावे लागेल. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ पासून सर्व संदेशांना दोन्ही टोकांपर्यंतचे एन्क्रिप्शन लागू केले, त्यामागे सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग सेवेची पद्धत आहे. तीत प्रत्येक संदेशाची किल्ली निराळी असते आणि ती फक्त पाठवणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या फोनमध्ये तयार होते. तुम्ही तोच फोटो मला आणि वकीलसाहेबांना पाठवला, तर सर्व्हरवरून जाताना ते दोन संपूर्ण निराळे आकड्यांचे ढीग दिसतात. दोन्ही ढिगांत एकच फोटो आहे, हेच ज्याला कळत नाही, तो सर्व्हर पहिला प्रेषक कोठून सांगणार?

मग उपाय दोनच उरतात. पहिला, प्रत्येक संदेशाला मूळ पाठवणाऱ्याची खूण चिकटवायची. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आयआयटी मद्रासचे व्ही. कामकोटी यांनी असाच प्रस्ताव मांडला होता आणि आयआयटी मुंबईचे मनोज प्रभाकरन यांनी त्यावर आक्षेप नोंदवले होते. माझ्या दृष्टीने मोठी अडचण ही, की अ‍ॅपमध्ये फेरफार करणारा माणूस खूण काढूही शकतो आणि दुसऱ्याच्या नावाची लावूही शकतो. ज्या गुन्हेगारासाठी हा खटाटोप, तोच त्यातून निसटतो आणि भोळा माणूस अडकतो. दुसरा उपाय, प्रत्येक संदेशाचा गणिती ठसा, ज्याला हॅश म्हणतात, तो पाठवणाऱ्याच्या नावासह साठवून ठेवायचा. कोणता संदेश पुढे गुन्हा ठरेल हे आधी कळत नसल्यामुळे तो सर्वांच्या सर्व संदेशांचा साठवावा लागतो. मजकूर उघड करण्याची सक्ती नाही, असे नियम म्हणतो खरे. परंतु ज्याच्याकडे ठशांची वही आहे तो हवे ते वाक्य घेऊन त्याचा ठसा काढील आणि हे वाक्य कोणी कोणी पाठवले, याची यादी मिळवील. ‘उद्या तहसील कचेरीवर मोर्चा’ हेही एक वाक्यच आहे.

इतके करूनही काकांची साखळी जुळत नाही ती नाहीच. फोटो किंचित कापला, स्क्रीनशॉट घेतला, मजकुरात एक स्वल्पविराम घातला की ठसा बदलतो आणि तो करणारा नवा ‘पहिला प्रेषक’ होतो. त्या मुलीचा फोटो ज्याने जोडला तो माणूस एवढे नक्कीच जाणतो. जाणत नाही तो तिचा मामा.

उलट, एन्क्रिप्शनला हात न लावता झालेल्या गोष्टींकडे पाहा. २०१८ च्या त्या हत्यांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले होते. कंपनीचा आकडा आहे, म्हणून तो जपूनच घ्यावा. तरीही दिशा कळते.

मार्केट_यार्ड · १३ डिसेंबर

विषय मोठा चालला आहे. मी माझ्यापुरते विचारतो. आमची सांगलीत अडत आहे. सौदे झाले की दिवाणजी गादीवरच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून शेतकऱ्यांना पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, पाठवतो, वजनाच्या पावत्यांचे फोटो घेतो, परगावच्या खरेदीदारांना बेदाण्याच्या नमुन्याचे फोटो टाकतो. फोन माझ्या खिशात असतो आणि मी दिवसभर आवारात किंवा तासगावला असतो. नव्या आदेशाप्रमाणे संगणकावरचे व्हॉट्सअ‍ॅप सहा तासांनी आपोआप बंद होणार आणि पुन्हा क्यूआर कोड दाखवावा लागणार, असे ऐकतो. म्हणजे दुपारी पट्ट्या थांबणार. यातून सरकारला नेमके काय मिळणार आहे, आणि यात आमचे संदेश वाचण्याचा काही भाग आहे काय?

कृष्णाकाठ (सांगली) · १३ डिसेंबर

शेठ, वाचण्याचा भाग त्यात नाही. आदेश दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांखालचा आहे आणि त्यात दोन गोष्टी आहेत. ज्या क्रमांकावर खाते आहे ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच अ‍ॅप चालले पाहिजे, आणि वेबवरचे सत्र जास्तीत जास्त सहा तासांनी बंद झाले पाहिजे. कंपन्यांना यासाठी ९० दिवस दिले आहेत. कारण असे दिले जाते, की परदेशात बसलेल्या टोळ्या भारतीय क्रमांकांवर खाती उघडून, सिम बाजूला ठेवून, ‘डिजिटल अटक’ वगैरे फसवणूक करतात. कारण खोटे नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर येणाऱ्या तक्रारी कशाच्या असतात ते आपण पेपरात रोज वाचतो. परंतु जी टोळी दुसऱ्याच्या नावावर सिम मिळवू शकते, ती ते फोनमध्ये घालूनही ठेवू शकते, आणि दिवाणजीला मात्र तुमच्या मागे तासगावला यावे लागेल. गैरसोय आणि गोपनीयतेचा भंग या दोन तक्रारी निराळ्या आहेत. आदेशाविरुद्ध लिहायचे असेल तर पहिलीच लिहावी; दुसरी त्यात मिसळली की पहिलीचेही वजन जाते.

वाईकर_बाई · १४ डिसेंबर

मी वाई तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. वरील चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरी ती पुरुषांची चर्चा आहे असे वाटल्यावाचून राहिले नाही. आमच्या एका नववीतील मुलीला अनोळखी माणसाने गोड बोलून फोटो पाठवायला लावले आणि नंतर तेच फोटो दाखवून आणखी मागितले. ती शाळेत यायची बंद झाली. घरी कोणाला सांगेना. शेवटी मैत्रिणीने सांगितले तेव्हा कळले. तो माणूस तिच्याशी ज्या अ‍ॅपवर बोलत होता त्यावर अभियंता दादांनी वर्णन केलेले एन्क्रिप्शनच होते. तिच्यासाठी ते संरक्षण नव्हते, त्याच्यासाठी होते.

मी असे वाचले आहे, की फेसबुक वगैरे कंपन्या मुलांच्या अश्लील फोटोंची माहिती अमेरिकेतील एका केंद्राला देतात आणि तेथून ती आपल्या पोलिसांपर्यंत येते. हे संदेशही एन्क्रिप्ट झाले तर ही माहिती येणे बंद होईल, हे खरे आहे काय? इंग्लंडने मुलांसाठी कायदा केला आहे, ऑस्ट्रेलियाने तर या आठवड्यात सोळा वर्षांखालील मुलांना सोशल मीडियाच बंद केला. प्रत्येकाचे संदेश माणसाने वाचावेत असे माझे म्हणणे नाही; यंत्राने फक्त असे फोटो ओळखावेत, एवढ्याला आपला विरोध का असावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

कृष्णाकाठ (सांगली) · १४ डिसेंबर

बाई, आपला प्रश्न या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याला तत्परतेने उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आपण वाचले ते खरे आहे. ते केंद्र म्हणजे एनसीएमईसी, हरवलेल्या व शोषित मुलांसाठीचे अमेरिकेतील राष्ट्रीय केंद्र. त्याच्याकडे २०२३ मध्ये ३ कोटी ६२ लाख अहवाल आले. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये त्यांच्याशी करार केला आणि तेव्हापासून भारताशी संबंधित माहिती राज्यांच्या सायबर विभागांमार्फत जिल्ह्यांपर्यंत येते. फेसबुकची मालक कंपनी मेटाने डिसेंबर २०२३ मध्ये मेसेंजरलाही एन्क्रिप्शन लागू करायला घेतले, तेव्हा या केंद्राने तीव्र आक्षेप घेतला होता. तो पोकळ होता असे मी म्हणणार नाही. एन्क्रिप्शनची किंमत काहीजण मोजतात आणि त्यांत मुले असतात, हे आमच्या बाजूच्या लोकांनी मान्य करूनच बोलले पाहिजे.

आता यंत्राने तपासण्याविषयी. दोन टोकांमध्ये कुलूप असल्यामुळे यंत्राला तपासायचे तर कुलूप लागण्यापूर्वी, म्हणजे तुमच्याच फोनमध्ये तपासावे लागते. अ‍ॅपलने ऑगस्ट २०२१ मध्ये अशी योजना जाहीर केली होती. सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिले, की फोनमध्ये बसवलेली तपासणी कोणत्या फोटोंची यादी वापरते हे वापरणाऱ्याला दिसत नाही. आज त्या यादीत बालशोषणाचे फोटो आहेत, उद्या एखाद्या देशाच्या सरकारने निषेधाचे फलक घालायला सांगितले तर यंत्र तेही तितक्याच निष्ठेने शोधील. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलने ती योजना सोडून दिली.

यंत्राची चूक कशी दिसते, याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधील एका बापाने आजारी लहान मुलाच्या सुजलेल्या अवयवाचा फोटो डॉक्टरला दाखवण्यासाठी काढला. तो गुगलच्या साठवणीत गेला, यंत्राने त्याला गुन्हा ठरवले आणि पोलिसांकडे प्रकरण गेले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवले, तरीही त्याचे खाते, त्यातील मेल, फोटो, फोन क्रमांक, काहीच परत मिळाले नाही. आपल्याकडे पावसाळ्यात महाबळेश्वरच्या खालच्या वाड्यांतून एखादी आई तान्ह्याच्या अंगावरचे पुरळ दवाखान्याच्या क्रमांकावर पाठवते आणि डॉक्टर मलम लिहून देतात. तिचे खाते यंत्राने गोठवले तर ती इंग्रजीत अपील कोणाकडे करणार?

इंग्लंडचा ऑनलाइन सुरक्षा कायदा २६ ऑक्टोबर २०२३ ला झाला. त्याच्या कलम १२१ मध्ये ऑफकॉम या नियामकाला खासगी संदेशांतही बालशोषणाचे साहित्य शोधणारे तंत्र वापरायला लावण्याचा अधिकार आहे, आणि कायदा मोडल्यास दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जो मोठा तो. सिग्नलने देश सोडण्याची भाषा केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने लॉर्ड्स सभागृहात सांगितले, की तंत्र शक्य असेल तेव्हाच तशी नोटीस दिली जाईल. कलम मात्र कायद्यात जसेच्या तसे राहिले. मला हा प्रकार सर्वांत धोकादायक वाटतो. वापरणार नाही असे सांगून ठेवलेला अधिकार नंतरच्या मंत्र्याला आयताच मिळतो.

इंग्लंडचाच दुसरा, २०१६ चा तपास-अधिकारांचा कायदा त्याहून बंदिस्त आहे. त्याखालची नोटीस मिळाली हेदेखील कंपनीला सांगता येत नाही. अशा नोटिशीच्या बातम्या बाहेर आल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलने तेथील ग्राहकांसाठी क्लाउडवरील प्रगत एन्क्रिप्शनची सोयच काढून घेतली. युरोपीय संघात मे २०२२ मध्ये असाच सक्तीच्या तपासणीचा प्रस्ताव आला. साडेतीन वर्षे भांडण झाले आणि गेल्याच महिन्यात सदस्य देशांच्या परिषदेने सक्ती वगळून आपली भूमिका ठरवली.

ऑस्ट्रेलियाचा नियम संदेशांना लागू नाही, म्हणून येथे थोडक्यातच. वय तपासायचे तर प्रत्येकाचे ओळखपत्र कोठेतरी जमा होते, आणि ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपच्या एका कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले.

आपल्या विद्यार्थिनीविषयी मात्र एक कायदेशीर गोष्ट. तिच्या फोनवरचा संवाद तिच्यासाठी उघडाच आहे. ती किंवा तिचे पालक तो पोलिसांना दाखवू शकतात. त्यासाठी कोणतेही एन्क्रिप्शन मोडावे लागत नाही, आणि समोरच्याचा क्रमांक कंपनीकडे नोंदलेला असतो. फोटो मागणे, बाळगणे, धमकावणे हे सर्व पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हे आहेत. असे साहित्य नुसते साठवण्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक निकाल दिला आहे. संवाद पुसू नये, क्रमांक ब्लॉक करण्यापूर्वी जतन करावा. आपल्याला पुरावा मिळत नाही तो कुलुपामुळे कमी आणि मुलगी घाबरून सगळे पुसून टाकते त्यामुळे जास्त.

वाईकर_बाई · १४ डिसेंबर

पुसून टाकले होते. घरच्यांनीच पुसायला लावले. आपले म्हणणे मला बरेचसे पटले आहे. यंत्राच्या चुकीची किंमत आणि माझ्या विद्यार्थिनीची किंमत एका तराजूत कशी घालायची हे मात्र अजून कळलेले नाही, आणि कायदा करणाऱ्यांना ते कळले आहे असेही वाटत नाही.

निवृत्त_अधिकारी_सातारा · १४ डिसेंबर

अभियंत्यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. स्क्रीनशॉटने साखळी तुटते हे मान्य करतो. आमच्या तपासातही ती तिथेच तुटत होती. तरीही एक तत्त्वाचा प्रश्न राहतो. टपाल, तार, दूरध्वनी, प्रत्येक साधनात कायद्याने शासनाला ठरावीक वेळी डोकावता येत होते. १८८५ चा तार कायदा इंग्रजांचा होता आणि प्रतिसरकारच्या काळात आपल्याच जिल्ह्यात पत्रे कोणाची फोडली जात होती हे मला सांगायला नको. परंतु स्वतंत्र भारतानेही तो अधिकार ठेवला, आणि आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही तो आहे. न्यायालयाचा आदेश असतानाही कोणालाच उघडता येऊ नये, असे साधन समाजात असावे काय?

कृष्णाकाठ (सांगली) · १४ डिसेंबर

साहेब, ‘न्यायालयाचा आदेश’ असे आपण म्हणालात आणि सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडे फोन ऐकण्याचा आदेश न्यायाधीश देत नाहीत. केंद्रात किंवा राज्यात तो गृहसचिव देतात. फोन टॅपिंगवरील १९९६ च्या पीयूसीएल निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली, त्यातून पुनर्विलोकन समिती आली; पण राज्यातील समितीच्या अध्यक्षपदी मुख्य सचिव असतात, म्हणजे एका सचिवाचा आदेश दुसरे सचिव तपासतात. केंद्राकडून दरमहा ७,५०० ते ९,००० आदेश निघत असल्याचे माहिती अधिकारात बाहेर आले होते. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात दाखवून दिले, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. दिवसभर बसले तरी एका आदेशाला दोन सेकंद मिळतात. नियम ४(२) मधला ‘सक्षम अधिकारी’ याच रचनेतून येतो.

न्यायालय मध्ये आले की काय होते, तेही पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात लाचेच्या तपासासाठी काढलेले टॅपिंगचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षितता यांपैकी एकही अट पुरी होत नव्हती. पाया गोपनीयतेला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा: कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. परंतु त्या माणसाला आपला फोन ऐकला गेला हे कळले म्हणून तो न्यायालयात गेला. बहुतेकांना कधीच कळत नाही. ऑगस्टपासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, सांगली-साताऱ्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागत नाही, हे चांगले झाले. पण कळलेच नाही तर कोल्हापूर तरी जवळ असून काय उपयोग?

तत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असे आहे. शासनाला डोकावण्याचा अधिकार असावा. परंतु तो संशयिताच्या फोनवर, त्याच्यापुरता, न्यायाधीशाच्या आदेशाने असावा. जप्त केलेला फोन, समोरच्याने दिलेला संवाद, कंपनीकडच्या नोंदी, हे मार्ग आजही आहेत. सर्वांचे कुलूप आधीच कमजोर करून ठेवणे हा निराळा अधिकार आहे आणि तो तार कायद्यातही नव्हता.

कराडचा_अभियंता · १४ डिसेंबर

याला एक पुरवणी. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने दूरध्वनी कंपन्यांना पोलिसांसाठी ऐकण्याची सोय यंत्रणेतच ठेवायला लावली. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी गटाने त्याच कंपन्यांत शिरकाव केला आणि ही पोलिसांसाठीची सोयही त्यांच्या हाती लागल्याचे समोर आले. त्या डिसेंबरमध्ये तेथील सायबर सुरक्षा आणि एफबीआय अधिकाऱ्यांनीच नागरिकांना एन्क्रिप्टेड मेसेजिंग वापरण्याचा सल्ला दिला. अपशिंग्यासारख्या गावांत घरटी माणूस सैन्यात आहे. तेथे आपल्या यंत्रणेत मुद्दाम ठेवलेली फट कोणाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न केवळ नागरिक विरुद्ध सरकार असा राहत नाही.

विटेकर_कोइमतूर · १५ डिसेंबर

धागा सगळा वाचला. आमचा गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा आहे, आमच्या भागातले लोक या धंद्यात देशभर पसरलेले आहेत. दागिना आला, टंच (शुद्धता) किती निघाला, सोन्याची लगड कोणाबरोबर कोणत्या गाडीने निघाली, हे सगळे आम्ही चौघे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो. गाडीचा संदेश भलत्याच्या हाती पडला तर काय होईल हे सांगायला नको. कायद्याचे व्हायचे ते होईल. आज आमच्या हातात काय आहे ते सांगावे. गावाकडच्या एकाने सांगितले, की फोन बदलला तेव्हा जुने सगळे संदेश गुगलवरून परत आले. मग ते गुगलवर उघडेच असतात काय?

कराडचा_अभियंता · १५ डिसेंबर

दादा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. वाटेत संदेश कुलूपबंद असतो, पण क्लाउडवरचा बॅकअप मूळ रचनेत तसा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर २०२१ पासून तोही एन्क्रिप्ट करण्याची सोय दिली आहे. ती आपण होऊन चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप, आणि तेथे दोन्ही टोकांपर्यंतच्या एन्क्रिप्शनचा पर्याय आहे. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. किल्ली घेतलीत तर ती कागदावर लिहून दुकानाच्या तिजोरीत ठेवा, कारण ती हरवली तर कंपनीलाही बॅकअप उघडून देता येत नाही. गाडीचे संदेश असलेल्या ग्रुपवर ठरावीक काळाने आपोआप पुसले जाणारे संदेश चालू करा. आणि हे चौघांच्याही फोनवर करा; एकाचा जरी बॅकअप उघडा राहिला, तरी बाकी तिघांनी पाठवलेले सगळे त्याच्या बाजूने वाचता येते.